गुरुजींच्या गिटारचे दिवे

सेलूच्या एका जिनिंग कारखान्यात माणिकराव वायरमन होते. कापसाचा हंगाम लागला की दिवाळीपासून पार शिमग्यापर्यंत त्यांना घरी वेळेवर भाकरी मिळायची नाही. कुठं मोटार जळायची, कुठं स्टार्टर चिकटायचा, आणि माणिकराव तोंडाला रुमाल बांधून त्या पांढऱ्या धुराळ्यात उभे. पन्नाशीला टेकेस्तोवर खोकला छातीत मुक्कामालाच आला होता. घरी आले की भुवयांवरसुद्धा कापूस. त्यांची बायको कुसुमबाई दारातच अडवायची, "आधी अंग झाडा, मग आत या."

एवढं दमलेलं माणूस सुट्टीच्या दिवशी तरी आडवं व्हावं. पण माणिकराव अॅम्प्लिफायर उघडून बसायचे. तो त्यांनी आपल्या हातानं केला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी सेलूत एक टुरिंग टॉकीज बुडाली. मालकानं तंबू गुंडाळला आणि भंगार तिथंच टाकलं. त्यात माणिकरावांना एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि काचेचे चार-सहा व्हॉल्व्ह सापडले. त्याच दिवसांत त्यांचे दोस्त बन्सीधर गुरुजी हैदराबादेहून इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले होते. गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. गिटार हौसेनं आणली खरी, पण यंत्राशिवाय ती मुकी. मग माणिकरावांनी त्या भंगारातून अॅम्प्लिफायर जुळवला आणि सुताराकडून त्याला सागवानी पेटी करून घेतली. बटन दाबल्यावर व्हॉल्व्ह तापायला जरा वेळ लागायचा. मग जो आवाज यायचा तो काकवीसारखा दाट, गोड. गुरुजी म्हणायचे, "माणिकराव, असा आवाज हैदराबादच्या दुकानातबी न्हाई ऐकला."

त्या पेटीच्या जोरावर गुरुजी मुंजाजीच्या ऑर्केस्ट्रात गेले. लग्नं, जत्रा, गणपती, सगळीकडं पेटी जायची आणि पेटीमागं माणिकराव. गुरुजी पुढं वाजवायचे, हे मागं स्टुलावर बसून कान लावायचे.

नव्वद साल उलटलं आणि दिवस पालटले. परभणीच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या कीबोर्ड आणायला लागल्या, स्टेजवर लाल-निळी रोषणाई करायला लागल्या. एके दिवशी मुंजाजी गुरुजींना घेऊन माणिकरावांच्या घरी आला, पेटीकडं बघून म्हणाला, "माणिकराव, ही पेटी धान्याच्या कोठीवाणी दिसायलीय. जरा लायटिंग करा की हिला. लोकं आता ऐकायला न्हाई, बगायला येतेत."

"दिवे हायेत की आत," माणिकराव म्हणाले. "व्हॉल्व्ह जळतेतच."

"आतले कोण बगतंय?"

माणिकरावांनी गुरुजींकडं बघितलं. आपल्या बाजूनं गुरुजी बोलतील असं त्यांना वाटलं होतं. पण गुरुजीच पुढं सरकून म्हणाले, "करा माणिकराव. माझ्यासाठी करा. दिवे पायजेतच."

माणिकरावांना ते लागलं. गेल्या सालभरापासून गुरुजी बदलले होते. गिटार दणकून वाजवायचे. गाणारी हेमा पुढं बेजार होऊन मागं वळून बघायची, पण त्यांना पर्वा नसायची. म्हातारपणी मिरवायची हौस आली, असं माणिकरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आता त्यात हे दिवे.

तरी ते परभणीला गेले आणि शेंगदाण्याएवढे लाल-हिरवे एलईडी घेऊन आले. खोकत खोकत, चष्मा पुसत त्यांनी पेटीच्या तोंडाभोवती बारीक भोकं पाडून एकेक दिवा बसवला. वेगळी सोय करायची ताकद नव्हती, म्हणून व्हॉल्व्ह तापवणाऱ्या लाइनवरूनच वीज घेतली. दिवे झकास लागले. पण स्पीकरमधून बारीक घुरघुर यायला लागली. भिंतीआड गोमाशी अडकावी तशी. दुसऱ्या दिवशी झरीला लग्नाचा कार्यक्रम होता. दुरुस्तीला सवड नव्हती आणि अंगात त्राणही नव्हतं. जाऊ दे, म्हणाले.

झरीत दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. पेटीचे दिवे लागल्याबरोबर मांडवात टाळ्या पडल्या. मुंजाजी खूश. माणिकराव मागं मान खाली घालून बसले होते. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ती घुरघुर त्यांच्या कानात शिरायची आणि त्यांना आपलीच लाज वाटायची. गुरुजींना तर ती आपल्यापेक्षा जवळून ऐकू येत असणार. गुरुजी एका शब्दानं बोलले नाहीत. परतताना टेम्पोतही नाही. त्या गप्प बसण्यानं माणिकराव जास्त खचले.

रविवारी त्यांनी पेटी उघडली. सगळे दिवे उपटून टाकायचे, असंच ठरवलं होतं. तेवढ्यात गुरुजी आले. माणिकरावांनी मागं न वळता विचारलं, "गुरुजी, झरीला पेटी घुरघुर करत होती. तुमी बोलले कामून न्हाईत?"

उत्तर आलं नाही. माणिकरावांनी वळून बघितलं. गुरुजी खुंटीला पिशवी अडकवत होते, आपल्याला काही विचारलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. माणिकरावांनी त्यांच्यासमोर येऊन पुन्हा विचारलं.

"कसली घुरघुर?" गुरुजी म्हणाले.

माणिकरावांनी बटन दाबलं. व्हॉल्व्ह तापले, घुरघुर सुरू झाली. आतून कुसुमबाई म्हणाली, "काय गुंगायलंय हो ते?" गुरुजी मात्र पेटीकडं नुसते बघत राहिले. मग त्यांनी पेटीवर तळहात टेकवला, आणि हळूच खाली बसले.

"सालभर झालं," ते म्हणाले. "डावा कान गेला. उजवाबी चाललाय. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, शीर सुकायलीय, विलाज न्हाई. पेटी चालू हाय का बंद, तेच मला समजंना गेलंय. म्हणून म्हणलं, दिवे तरी असावेत."

"मला सांगायचं होतं की."

"काय सांगू? मुंजाजीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कीबोर्डवाला आणला असता. शाळेत पोरांच्या तोंडाकडं बघून निभावून नेतो. वाजवताना कुणाच्या तोंडाकडं बघू?"

माणिकरावांना एकदम सगळं दिसलं. तो दणका, हेमाचं मागं वळणं, आणि आपण मनात धरलेला राग. त्यांनी तंबाखूची डबी पुढं केली.

मग माणिकराव कामाला लागले. शोभेच्या दिव्यांना त्यांनी टॉर्चच्या सेलांवर वेगळं जोडलं, तशी घुरघुर गेली. त्यातले दोन दिवे काढून पेटीच्या मागच्या कडेला, फक्त गुरुजींना दिसतील असे बसवले आणि त्यांच्या तारा स्पीकरच्या लाइनला जोडल्या. तार बेतानं छेडली की हिरवा लुकलुकायचा. हात जड पडला की लाल.

"लाल लागला की हात आवरा," माणिकरावांनी खुणेनं सांगितलं.

पुढचे कितीतरी रविवार गुरुजी त्यांच्या ओसरीवर बसून हात बसवत होते. सोपं नव्हतं. बोटांना कानाची सवय, डोळ्याचं ऐकायला ती तयार होईनात. दोनदा गिटार बाजूला ठेवून गुरुजी चिडून निघून गेले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. जिनिंगमधून आलेले माणिकराव भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे, चुकलं की हात वर करायचे. कधी कधी तसेच झोपी जायचे.

गंगाखेडच्या कार्यक्रमानंतर हेमा म्हणाली, "गुरुजी, आज लय छान वाटलं गायला." गुरुजींनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि माणिकरावांकडं बघितलं.

दोन हंगाम असे निघाले. मग चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, गावोगाव बंदोबस्त लागला आणि मुंजाजीनं घेतलेले कार्यक्रम रद्द झाले. वातावरण निवळल्यावर ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा राहिला तो कीबोर्ड घेऊनच. गुरुजींना बोलावणं आलं नाही. आलं असतं तरी ते गेले नसते. उजव्या कानानंही तोवर साथ सोडली होती.

ते सांगायला गुरुजी एका दुपारी आले. माणिकरावांनीही त्याच महिन्यात जिनिंग सोडलं होतं, छाती ऐकेना म्हणून.

"मी आता वाजवणं बंद केलं माणिकराव."

माणिकरावांना वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. किती वर्षं ते दुसऱ्याच्या आवाजाला कान लावून बसले होते.

"बरं केलं," ते म्हणाले. मग गुरुजींना कळलं नसेल म्हणून त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

कुसुमबाई चहा घेऊन आली. गुरुजींना समजावं म्हणून आताशा ती त्यांच्याशी तोंडासमोर येऊन, सावकाश बोलायची.

"साखर टाकू का आनखी?"

"नको वहिनी," गुरुजी म्हणाले. "बरोबर हाय."

दोघा म्हाताऱ्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसले.