बोटभर उंची

माझ्या मैत्रिणीला सगळे घोरपड म्हणतात. एकदा चिकटली की सुटत नाही. ती पडदे शिवते. आम्ही एका बाकावर शिकलो. मी पुढे साहित्य वाचत बसले, तिने शिलाई मशीन घेतलं.

तिच्या वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काकांनी जन्मभर बस चालवली. डॉक्टरांनी खोल बसायला मनाई केली आणि घरची गाडी नेमकी बुटकी. तिची आत्या, म्हणजे काकांची बहीण, आजारी होती. त्यांना तिला भेटायचं होतं. "फोनवर बोलतोच की," म्हणत ते भिंतीकडे बघायचे.

"गाडी उंच करते," घोरपड म्हणाली.

टायरवाला ऐकेना. "ताई, कंपनीने दिलेलाच आकार बसवा. मोठा टायर वळताना घासेल. काटाही वेग कमी दाखवेल."

"सावकाश चालवीन. बसवा."

"मग मी सांगितलं नाही म्हणू नका."

नवे टायर जुन्यांपेक्षा दोन बोटं उंच होते. तिचा हिशेब सरळ. पडद्याला दोन बोटं कापड जोडलं की पडदा दोन बोटं वाढतो. गाडी मात्र बोटभरच चढली. चाक आसाच्या खाली जेवढं वाढलं, तेवढंच वरही वाढलं होतं.

आत्याकडे निघताना काका गाडीत कण्हत बसले. पहिल्याच वळणावर डावीकडून खर्र आवाज आला. मागच्या सीटवर मी गार.

"थांबव. काय बसवलंयस?" काका म्हणाले.

तिने सांगितलं.

"माझ्यासाठी?"

"नाही, शेजाऱ्यांसाठी."

"घासून टायर फुटला तर आत्याकडे नाही, थेट वर जाऊ. काढ ते."

"काढते. पण आत्याकडे जायचंच."

त्यांना उतरवायला आम्ही दोघी लागलो.

दुसऱ्या दिवशी जुने टायर चढले. टायरवाला हसला. ती नाही हसली. घरी आल्यावर पार्किंगमध्ये गाडीकडे बघत उभी राहिली. तिथली फरशी रस्त्याहून चांगली चार बोटं उंच. तिने गाडी फरशीच्या अगदी कडेला लावली, रस्त्याकडचं दार उघडलं.

"बाबा, गाडी चढत नाही ना? मग तुम्ही उतरा."

काका खाली रस्त्यावर उभे राहिले. मागे सरकून बसले. उठले. पुन्हा बसले. कुणी हात दिला नाही.

मी तोंड उघडं ठेवून बघत होते. काकांनी बसल्याबसल्या खिशातून फोन काढून आत्याला लावला.

"अगं, तुझ्या दारासमोर उंचवटा कुठंय? कशाला म्हणजे? मला उतरायचंय तिथे!"