पुरुषोत्तमच्या टिंबानंतर

पुरुषोत्तम खटावकरच्या डाव्या हाताच्या अनामिकेची त्याच्या घरात जेवढी बडदास्त ठेवली गेली, तेवढी जावयाचीही झाली नाही. त्या हातानं भांडं घासायचं नाही, नारळ सोलायचा नाही, तव्याजवळ तर न्यायचाच नाही. आंघोळ झाली की बोटाच्या टोकाला एरंडेलाचा एक थेंब. प्रमोदिनी लग्न होऊन चामराजपेटच्या त्या दोन खोल्यांत आली, तेव्हा तिला वाटलं, नवरा आळशी मिळाला आणि वर निमित्तं शोधण्यात हुशार. शेवटी सासूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या बोटावर आपलं घर चालतं, बाळ."

आणि खरंच चालत होतं. खटावहून पोटामागं बंगळुरात आलेल्या शिंप्याचा हा नातू अठराव्या वर्षी एका सरकारी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आणि साठाव्या वर्षी तिथूनच तपासनीस म्हणून बाहेर पडला. यंत्रावर धातू कापला की कडेला केसाहून बारीक कंगोरा उरतो. कामगार त्याला बर म्हणतात. बाहेरच्या कडेचा बर डोळ्याला दिसतो. आतल्या खाचेतला दिसत नाही, तो बोटालाच कळतो. पुरुषोत्तम डोळे मिटून खाचेतून अनामिका फिरवायचा आणि मग पिवळ्या पेन्सिलीनं त्या तुकड्यावर, कारखान्याच्या भाषेत जॉबवर, एक टिंब काढायचा. त्या टिंबानंतर जॉबला कोणी तपासायला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. लेखी कुठंच नव्हता. एकदा एका नव्या साहेबानं टिंब असलेला जॉब पुन्हा तपासायला उचलला, तर सगळा विभाग हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिला. साहेबानं जॉब मुकाट्यानं खाली ठेवला.

या बोटाचा सगळ्यांत जास्त अभिमान होता तो त्याच्या दोन मित्रांना. जयसिंगराव त्याच्याच तुकडीतला, बंगळूरच्या जुन्या मराठ्यांपैकी, निम्मं बोलणं कानडीत करणारा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी दोघांचीही जन्मतारीख एक जून ठोकून दिली होती. जयसिंगरावच्या मास्तरांचा हात जरा सैल, त्यांनी वर्षही दोनांनी मागं ढकललं, म्हणून तो पुरुषोत्तमच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाला. शिवाप्पा निपाणीचा, दोघांहून पाच वर्षांनी लहान. कानस चालवण्यात त्याचा हात धरणारा कारखान्यात कोणी नव्हता. जयसिंगराव बाहेर पडला तशी त्यानंही नोकरी सोडली आणि दोघांनी राजाजीनगरच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक शेड घेतली.

शेडमध्ये एकच माल निघायचा. रुग्णाला थेंबाथेंबानं औषध सोडणारे छोटे पंप असतात, त्यांच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या. बॉडीच्या आत एक खाच, खाचेत रबराची रिंग. बर राहिला तर रिंग चिरते, औषध झिरपतं आणि पडलेल्या माणसाला किती मिळालं ते कोणालाच कळत नाही. दोन वर्षं शिवाप्पानं भिंग लावून, डोळे फोडून, थोडा थोडा माल काढला. मोठं काम घ्यायला ते पुरुषोत्तमची वाट बघत होते. उत्तरेच्या खिडकीशी त्याच्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली होती. त्या खुर्चीत जयसिंगराव पाहुण्यालाही बसू देत नसे.

पुरुषोत्तमनं एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नव्हती. साखरेचा आजार त्याला पंधरा वर्षं होता. दीड वर्षापूर्वी बसमधून उतरताना पायातली एक चप्पल निसटली आणि घराच्या उंबऱ्याशी येईपर्यंत त्याला ते कळलं नाही. मग बोटं. आधी करंगळी, मग ती लाडाची अनामिका. एरंडेलाचा थेंब आता गार लागतो की कोमट, हेच समजेना. नोकरीचं शेवटचं वर्ष त्यानं मापायच्या यंत्रांवर निभावून नेलं, खाचेचं काम सहकाऱ्यांकडे सरकवून. निरोपाच्या दिवशी तो जयसिंगरावला सांगणारच होता. पण जयसिंगरावनं गळ्यात हार घातला आणि म्हणाला, "सोमवारी ये रे पुरुष्या. खुर्ची पुसून ठेवलीय. नवीन कामाच्या कागदावर तुझं नाव घातलंय, त्यावरच मिळालं काम." उघडलेलं तोंड पुरुषोत्तमनं मिटलं. इतक्या वर्षांची सवय आहे, बोट आपोआप सांगेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. साठीतला माणूस दुसऱ्याकडून फसत नाही म्हणतात. स्वतःकडून फसायला त्याला काहीच अडचण नसते.

जून गेला, जुलै गेला. खुर्चीत बसून तो डोळे मिटायचा, बोट फिरवायचा, टिंब काढायचा. काही लागत नव्हतं, आणि शिवाप्पाचं काम चोख म्हणून लागत नसेल, असं तो धरून चालायचा. मधूनमधून एखादा जॉब नुसत्या अंदाजानं परत पाठवायचा. त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी दुपारी त्यानं टिंब काढून जॉब खाली ठेवला, तर टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर लाल ठिपके पडलेले. एक, दोन, चार, ओळीनं. ते रंगाचे असतील म्हणून त्यानं आधी पेन्सिल पाहिली, ती पिवळीच होती. मग बोट पाहिलं. अनामिकेच्या टोकाला नखाएवढी चीर होती आणि रक्त मनगटाकडे ओघळत होतं. बरनं बोट कापलं होतं, आणि त्याच जॉबवर त्याचं पिवळं टिंब होतं. शनिवारीच अशा टिंबांचे दोन खोके पंप बनवणाऱ्या कंपनीला गेले होते.

त्यानं रुमाल गुंडाळला, बरं वाटत नाही म्हणाला आणि मेट्रोनं घरी आला. प्रमोदिनीनं रुमाल सोडला, हळद दाबली. कॉफी आणून ठेवली ती कानाच्या कपात. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की घरातले स्टीलचे टंबलर कधीचे दिसेनासे झालेत.

"टंबलर कुठं गेले गं?"

"वर ठेवलेत. वर्ष झालं," ती म्हणाली. "उकळती कॉफी तुम्ही मुठीत धरून बसायचात. हात लाल व्हायचा आणि तुम्ही पेपर वाचत."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात? मला वाटलं, तुम्हाला लपवायचंय तर लपवू द्यावं." तिनं हळदीचा डबा मिटला. "पण अहो, तिथं खुर्चीत बसून तुम्ही हे काम करत असाल, असं मला वाटलं नव्हतं. दुसरं काही देत असतील, असं धरून चालले मी."

पुरुषोत्तमला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. कुठल्याशा वॉर्डात पडलेला एक अनोळखी माणूस त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. आणि त्याहून लाजेची गोष्ट ही, की त्या माणसाच्या आधी त्याला जयसिंगरावचा चेहरा आठवला होता.

मंगळवारी तो सगळ्यांच्या आधी शेडवर पोचला. खुर्चीत बसला नाही. जयसिंगराव कुलूप काढून आत आला तसा म्हणाला, "जयसिंग, माल परत मागव."

"कुठला, शनिवारचा?"

"जूनपासूनचा सगळा. मला बोटाला कळत नाही. वर्ष झालं."

जयसिंगरावला ते समजायला वेळ लागला. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातातच राहिला. "म्हणजे इथं आलास तेव्हा..."

"माहीत होतं."

"मग टिंब कसं काढत होतास?"

"डोळे मिटून. नेहमीसारखं."

शिवाप्पा दारात उभा होता. डबा खाली ठेवून तो म्हणाला, "अण्णा, मी बघितलो होतो. मागच्या गुरुवारी. एका जॉबवर टिंबाशेजारी स्वल्प रक्त होतं. पुसलो मी."

"पुसलास?" जयसिंगराव त्याच्याकडे वळला. "आणि पुन्हा तपासला नाहीस?"

"अण्णांच्या टिंबानंतर?" शिवाप्पा म्हणाला. "मी कसा हात लावू?"

इतकी वर्षं ज्या मानाचा तिघांनाही गर्व होता, त्या मानानंच घात केला होता, आणि हे एकमेकांना सांगायची गरज नव्हती. जयसिंगराव बाहेर जाऊन कंपनीला फोन लावून आला. आत त्याचं फक्त कानडीतलं होकाराचं "सरी सर, सरी" ऐकू येत होतं. पंपांच्या चाचण्या अजून चालू होत्या, एकही पंप गोदामाबाहेर पडलेला नव्हता, तेवढं एक देवानं सांभाळलं. पण पुढचं काम थांबलं. तपासनीस कोण आणि तपासणी कशी, ते नव्यानं दाखवा, मग बघू, असं कंपनीनं सांगितलं. फोन खिशात घालून जयसिंगराव यंत्राशी गेला आणि दोन दिवस पुरुषोत्तमशी एक शब्द बोलला नाही. पुरुषोत्तम तरीही दोन्ही दिवस गेला, झाडलोट केली, स्टुलावर बसून राहिला. घरी बसणं सोपं होतं, म्हणूनच त्यानं ते केलं नाही.

गुरुवारी खोके परत आले. तीनशे चाळीस बॉड्या, प्रत्येकीवर पिवळं टिंब. शिवाप्पानं पहिली बॉडी उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. त्याचं बोट खाचेकडे जाईना.

पुरुषोत्तमनं रॉकेलचा बोळा घेतला आणि स्वतःचं टिंब पुसलं. मग शिवाप्पाला खांदा धरून खिडकीशी नेलं, खुर्चीत बसवलं आणि त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. कानशीनं घट्टे पडलेला हात होता तो, पण अनामिकेचं टोक अजून मऊ होतं.

"डोळे मीट. दाबू नकोस. झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतो तसं. घाई करायची नाही, इथं कोणी थांबलेलं नाही."

एक एक टिंब पुरुषोत्तम पुसत गेला, एक एक बॉडी शिवाप्पा चाचपत गेला. सोळा झाल्या. यंत्र बंद करून जयसिंगराव केव्हाचा मागं येऊन उभा होता. सतराव्या बॉडीत शिवाप्पाचं बोट थांबलं, थोडं मागं आलं, पुन्हा थांबलं.

"अण्णा," तो डोळे न उघडता म्हणाला, "इथं आहे."

पुरुषोत्तमनं पट्टी बांधलेलं बोट मोकळं केलं आणि त्याच जागी ठेवलं. सवयीनं डोळे मिटले. बोट पुढं नेलं, मागं आणलं, पुन्हा नेलं. दोघं त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, इतकी वर्षं बघत आले तसेच.

"मला काही लागत नाही," तो म्हणाला, जयसिंगरावला स्पष्ट ऐकू जाईल असं. "तुला लागतोय ना? मग आहे. बाजूला ठेव."