तोडीची तारीख

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात तीन वर्षं मी एकटीच मुलगी होते. मग साताऱ्याकडच्या मेढ्याची एक मुलगी आली. सरळ गावाकडचं ‘हाय’, ‘न्हाई’ बोलायची, आणि ऑफिस चालवणाऱ्या सरांना त्याचं भारी कौतुक. मी सांगलीची, माझ्या शुद्ध बोलण्याचं कधी कुणी कौतुक केलं नव्हतं.

काम साखर कारखान्याचं होतं. शेतकऱ्याचा नंबर टाकला की त्याच्या उसाच्या प्लॉटांची यादी आणि पहिल्या तोडीची तारीख स्क्रीनवर यायला हवी. ही उत्तरं काढणारी प्रोसिजर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, डेटाबेसच्या आत लिहायची होती. ती सरांनी तिला दिली. मी स्क्रीन करायची, म्हणजे तिने काढलेलं उत्तर नुसतं मागून घ्यायचं आणि दाखवायचं. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी नेला.

चाचणीला आम्ही कारखान्याच्या शेती ऑफिसात गेलो. सरही होते. एक म्हातारे शेतकरी समोर बसले.

“आवं ताई, आमची तोड कवा हाय?”

मी त्यांचा नंबर टाकला. यादी आली, तारखेची चौकट मात्र रिकामी. खरं सांगते, मला आनंद झाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “प्रोसिजरच चुकलीये.”

तिने शेजारच्या मशीनवर नुसती प्रोसिजर चालवली. तारीख आली. मग खुर्ची ओढून तिने माझा कोड वाचला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “अगं, तू तारीख आधीच मागतीयास. यादीतल्या सगळ्या ओळी वाचून हुईस्तवर ती हातात येत न्हाई. आधी यादी संपव, मग माग.”

मी कोडच्या दोन ओळी उचलून खाली नेल्या. तारीख दिसली. म्हातारबाबा “व्हय व्हय” करत उठले.

“काय झालं होतं?” सरांनी विचारलं.

“काही नाही, दुरुस्त केलं मी.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि शेजारचं मशीन बंद केलं. परतताना एसटीत तिने शेंगा पुढे केल्या. मी नको म्हटलं.

वर्षभराने ती पुण्याला गेली आणि तिच्या प्रोसिजर माझ्याकडे आल्या. उघडून पाहिल्या तर जागोजागी टिपा, पुढच्या माणसाला समजावं म्हणून. त्यांतूनच मी ते काम शिकले. पण पहिल्यांदा वाचताना मला रागच आला होता, इथेही तीच मला समजावत होती म्हणून.