सरदारजींच्या पगडीचं दुसरं टोक

बायांनो, फोनात बोलून लिहून राह्यली, चुका काढू नका.

आमच्या पिपरीत माझ्या शेजारी फौजेतून रिटायर झालेले सरदारजी राह्यतात. बायको गेल्या साली वारली. आज सकाळी पाह्यलं तं पगडीच्या लांबलचक कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाले बांधून एकटेच घड्या घालून राह्यले होते. गाठ सुटे, कापड खाली पडे.

मी म्हटलं, “भाऊ, द्या इकडे.” टोक धरलं अन् विचारलं, “आधी वहिनी धरत का?”

“हां बहनजी, वही पकड़ती थी.”

मंग त्याइनं सांगितलं. केस देवानं दिले तसेच ठेवाचे, कापाचे नाई. पगडी टोपीवानी उचलून घालत नाईत, रोज विंचरून नव्यानं बांधतात. एवढं वय झालं, पण मले हे माहीत नव्हतं. विचारलं तं समजलं.

संध्याकाळी ओट्यावरच्या बायांले खबर पोचलीच होती. शांता म्हणे, “काऊन वं, सरदारजीचे बारा वाजवून आली का?” सगळ्या खिदळल्या.

मी म्हटलं, “हसाचं असन तं त्याइच्या दारात चला. पगडी काय असते ते आधी विचारा, मंग हसा.”

त्याइच्याकडे जाले कोणी उठलं नाई. माझ्याजवळून मात्र एकेक करून सगळ्या उठल्या.

घरात बोलाले माणूस नाई, माझं सारं बोलणं त्या ओट्यावरच व्हायचं. तरी उद्या सकाळी मी शेजारी जाईनच. संध्याकाळी कोणाजवळ बसू, ते तुम्ही सांगा.