पहिल्या खंडावर माझा अभिप्राय

आमच्या कळंबच्या वाचनालयात एखाद्या पुस्तकाचा संशय आला की ते मला वाचायला देतात. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि तोंडाची फटकळ आहे, या दोन गुणांवरच मला समितीत घेतलं असावं. त्या दिवशी अध्यक्षांनी माझ्यापुढे एक जाडजूड, चकचकीत चित्रांचं पुस्तक सरकवलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. तसे भले गृहस्थ, वाचनालयाचं छत गळायचं तेव्हा स्वतः ताडपत्री घेऊन वर चढलेले. पण मूल वाचताना हसायला लागलं की ते नक्की काहीतरी भलतं वाचतंय, असं त्यांचं ठाम मत. आमच्या नववीतल्या चार मुलींनी हे पुस्तक घ्या म्हणून त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. "मॅडम, याचा एकदाचा निकाल लावून टाका," ते म्हणाले. निकाल काय लागायला हवा, हेही त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतंच.

अंगात अचाट शक्ती असलेल्या पाच शाळकरी मुलांची ती कॉमिक मालिका, आणि हा तिचा पहिला खंड. मी तो यवतमाळला जाताना एसटीत उघडला. शेजारच्या बाईंनी आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग त्या रंगीत पानांकडे. नातवासाठी घेतलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठीच आहे. त्या खिडकीकडे वळल्या त्या यवतमाळपर्यंत.

चित्रं, खोटं कशाला बोलू, झकास होती. एक मुलगा उडतो, एक मुलगी दुसऱ्याच्या मनातलं ऐकते, एक भिंतीतून आरपार जातो. आणि एवढं करून घरी आलं की आई विचारते, ट्यूशनला का गेला नाहीस. हे मला फार आवडलं. अर्धा रस्ता मी खुशीत वाचत होते.

मग त्यांचे गुरू येतात आणि सांगतात की शक्ती कमावता येत नाही, ती रक्तात असावी लागते. पाच जुनी घराणी आहेत, त्यांच्यातच ती उतरते. या पाचांबरोबर एक सहावी मुलगी असते. तिच्या रक्तात काही नाही. ती त्यांच्या बॅगा उचलते, चहा करते, फाटलेले पोशाख शिवून देते. शेवटच्या पानावर त्या उडणाऱ्या मुलाला वाचवताना ती धरणाच्या भिंतीवरून खाली पडते. तो तिच्यासाठी एक अश्रू ढाळतो आणि उडून जातो. खाली लिहिलंय, क्रमशः.

माझं डोकंच फिरलं. पुस्तक पिशवीत कोंबलं ते घरी येईपर्यंत बाहेर काढलं नाही.

कुणी म्हणेल, गोष्टच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. पण आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती नेमक्या याच गोष्टीला नाही म्हणायला. जन्मानं कुणी मोठा नाही आणि जन्मानं कुणी लहान नाही, एवढं एकच त्यांनी घरात पक्कं करून ठेवलं, बाकी सगळं ज्यानं त्यानं ठरवावं. मी नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये एका बाईंनी मला मोठ्या कौतुकानं विचारलं होतं, तुमच्यात एवढी हुशारी कुठून आली हो? मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या, स्वतःच्या डब्यातली भाजी मला वाढता वाढताच विचारलं. मी म्हटलं, जिथून तुमच्यात आली तिथूनच, पुस्तकांतून. त्यानंतर बरेच दिवस ती भाजी बंद होती. आता इतक्या वर्षांनी तेच रक्त गुळगुळीत कागदावर छापून माझ्या पोरींपर्यंत पोचलं, तर मी गप्प बसायचं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या चौघींना बोलावलं. कुठूनशी मिळवलेली एकच प्रत त्यांच्यात हातोहात फिरून खिळखिळी झालेली होती. मी चांगलं दणकून व्याख्यान दिलं. हे पुस्तक का वाईट आहे, त्या सहावीला का मारलं, कुणाच्या सोयीसाठी मारलं, सगळं सांगितलं. मुली मान खाली घालून ऐकत होत्या. माझं संपल्यावर एकीनं मान वर केली. हिच्या वडिलांचं बसस्टँडमागे गॅरेज आहे, आणि चौघींत पहिला शब्द हिचाच असतो.

"मॅडम, हे आमाले बी नाही पटलं. ते पोरगी अशी कशी मरून जाईन? म्हनूनच त दुसरा खंड पायजे आमाले. वाचनालयानं पहिलाच नाही घेतला, त दुसरा कायले आनतीन ते?"

मग बाकीच्यांनाही तोंड फुटलं. एक म्हणाली, ती पाण्यात पडली, मेली नाही. दुसरी म्हणाली, तिच्यातही शक्ती असेल, लपवून ठेवली असेल. त्यावर गॅरेजवाल्याची मुलगी उसळलीच. शक्ती नाही हेच तर भारी आहे, ती देऊन टाकली तर मग आपलं काय, असं तिचं म्हणणं. घंटा झाली तरी भांडण मिटेना. वर्गात मी धडा संपवून 'तुम्हाला काय वाटतं' म्हणून विचारते, तेव्हा याच चौघी फळ्याकडे बघत बसतात. मी त्यांच्या भांडणात पडले नाही. पण हा खंड वाचनालयात राहिलाच पाहिजे, हे माझं तिथेच ठरलं.

रविवारी समितीपुढे मी पुस्तकाची सालटी काढली. काहीही लपवलं नाही. अध्यक्ष मान डोलवत होते. शेवटी समाधानानं म्हणाले, म्हणजे परत पाठवायचं तर.

"नाही. ठेवायचं."

खजिनदार, म्हणजे आमचे मेडिकल स्टोअरवाले, हसायलाच लागले. आत्ता तर तुम्हीच वाईट म्हणालात, मुलांच्या डोक्यात असलं भरवायचं का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना मागचं कपाट दाखवलं. अर्धं कपाट राजपुत्रांच्या गोष्टींनी भरलेलं आहे. त्यांचं रक्त तपासायला मला कुणी कधी बोलावलं नाही.

अध्यक्षांचा आवाज चढला. माझा आधीच चढलेला होता, आणि मी चिडले की माझी प्रमाणभाषा घरी निघून जाते.

"सर, पुस्तक चुकीचं हाय असं म्या म्हटलं. पोरींनी वाचू नये असं नाही म्हटलं. कोनं काय वाचाव हे दुसऱ्यानं ठरवाचं, हे आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या भोगलं. आता म्या या खुर्चीवर बसून तेच करू काय?"

शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. पुस्तक घेऊ, पुढचे खंडही घेऊ, पण तुमचा अभिप्राय पहिल्याच पानावर चिकटवायचा, म्हणजे मुलं सावध राहतील. मी एका पायावर तयार झाले. पोरींना पुस्तक मिळालं, वर माझं म्हणणंही त्यांच्या डोळ्यांपुढे राहणार, आणखी काय हवं? पानभर लिहिलं, दोनदा खोडून तिसऱ्यांदा. खरं सांगते, मला ते पान फार आवडलं होतं.

पुढच्या रविवारी मुद्दाम गेले. चौघी एका बाकावर दाटीवाटीनं बसून तोच खंड पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या. मी पुस्तक मागितलं, पहिलं पान उघडलं. माझ्या अभिप्रायावर खाकी कागद चिकटवलेला होता, अगदी मोजूनमापून, एक अक्षर दिसणार नाही असा. हे कोणी केलं, मी विचारलं.

गॅरेजवाल्याची मुलगी उभी राहिली. तिनं मान खाली घातली नाही.

"म्या केलं, मॅडम. आधी गोष्ट वाचाची. मंग पाहू तुमचं."

अध्यक्ष टेबलापाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी आता फाडफाड बोलणार याची त्यांना खात्री होती. राग मला आलाही होता, चांगला कानशिलं तापवणारा. आणि त्याच वेळी छातीही भरून आली होती. मी पुस्तक तिच्या हातात परत दिलं.

"खालचा कोपरा सुटून राह्यला," मी म्हटलं. "नीट चिकटव."