फिनलंडहून आणलेली शाळा

लेकीच्या दुबईतल्या शाळेत परीक्षा नव्हती, गृहपाठ नव्हता. फिनलंडमध्ये असंच असतं म्हणे. असेल बापडं! पण तिथले छोटे वर्ग, मुलाशेजारी बसून शिकवणारे शिक्षक, ते काही कुणी आणलं नाही. आणलं काय, तर रिकामं दप्तर. त्यात अमेरिकेहून आणखी एक खूळ आलं. ‘येत नाही’ म्हणायचं नाही, ‘अजून येत नाही’ म्हणायचं. तसं लिहिलं की टीचर वहीवर चांदणी चिकटवायच्या आणि पुढच्या बाकाकडे जायच्या. नवरा म्हणायचा, "पोर मजेत आहे ना? मग तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

मग त्याचा प्रोजेक्टच खलास झाला. व्हिसाची मुदत संपत आली आणि पुण्याला परतायचं ठरलं. वर्षाच्या मधेच सातवीत घ्यायला तिथली एकच शाळा तयार झाली, पण प्रवेश परीक्षा घेऊन. तीही आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमधून, कॅमेऱ्यासमोर. मी रोज तिला घेऊन बसायचे. अपूर्णांक म्हटला की ती रंगीत पट्ट्या काढायची; ती पद्धत सिंगापूरची. पट्टी सुरेख, उत्तराचा पत्ता नाही. मी किंचाळले की म्हणायची, "रिलॅक्स, आई!"

परीक्षेच्या दिवशी मी स्वयंपाकघरात देव पाण्यात घालून बसले होते. लेक खोलीतून हसत बाहेर आली. "ऑल डन!" पाठवायला म्हणून उत्तरांचे फोटो काढताना मी कागद वाचले. सुरुवातीची एक-दोन गणितं सोडवली होती. बाकी प्रत्येक प्रश्नाखाली सुबक इंग्रजी अक्षरात एकच वाक्य होतं. मला हे अजून येत नाही.

पुण्याहून फोन आला. सातवी शक्य नाही, फार तर पाचवीत बसवू, असं तिथल्या बाई म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? मला मात्र कुणाच्या तरी कानफटात मारावीशी वाटत होती, आणि मारणार कुणाला? पोरीची इतकी वर्षं पाण्यात गेली, या विचाराने ओट्याला टेकून मी पोटभर रडले.

संध्याकाळी तिला सांगितलं. ती रडली नाही. माझ्याजवळ येऊन इंग्रजीतच म्हणाली, "पण आई, मला काय काय येत नाही, ते मी त्यांना खरंखरं लिहून दिलंय. मग आता ते मला शिकवतील ना?"