कुजबुज मोठ्यानं वाचते

पडदा वर जाऊ द्या. तालमीचा हॉल. खाली लाकडाची वखार, त्यामुळे करवतीची घरघर थेट पायांत शिरते आहे. घडीच्या खुर्च्या, किटलीत चहा, रविवारची सकाळ. आणि मधोमध ठेवलेल्या स्टुलावर बसायचं सोडून खिडक्या उघडत-लावत हिंडणारी आमची कुजबुज.

हे नाव तिला मीच दिलं. मी राण्यांची कामं करायचे, ती विंगेत उभी राहून आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवायची. प्रॉम्प्टर मी पुष्कळ पाहिले. एकेकाचं प्रॉम्प्टिंग शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं! हिचं मात्र फक्त माझ्या कानात, जणू माझं मलाच आठवलं. "कुठे शिकलीस गं?" मी एकदा विचारलं. "घरीच," म्हणाली, आणि माझा मुकुट उगाच पुसत बसली.

तिचं घर म्हणजे एक खोली. बाप कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसा झोपायचा. झोपमोड झाली की पट्टा. म्हणून आईनं दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, भांडी टेकवायची ती दुमडलेल्या पोत्यावर. एकदा धाकट्या भावाच्या हातून पातेल्याचं झाकण निसटलं आणि मेलं घरभर गरगरत राहिलं. "माझ्या हातून पडलं," असं म्हणून हिनं पाठ पुढे केली. पुढे भावाला रडू फुटलं की त्याच्या कानाला तोंड लावून ही गोष्ट रचायची. त्या झाकणाचीच. ते घरातून कसं पळालं, कुठल्या राजाची ढाल झालं. हुंदके थांबेपर्यंत गोष्ट संपवायची सोय नव्हती.

हे मला फार उशिरा कळलं, तिनं झाकणाचं नाटक लिहायला घेतलं तेव्हा. त्या दिवसांत तिचा पाय एका जागी ठरेना. माझ्याकडे यायची, अर्धा प्रवेश वाचायची, उठून माझी भांडी घासायची, परत येऊन वाचलेलं फाडायची.

"राणीसाहेब, पट्टा आला की पाठीला घाम फुटतो, आणि झाकण बोलायला लागलं की हसू येतं. वेड लागलंय का मला?"

"लागलं असेल तर पुरतं लागू दे," मी म्हटलं. "अर्धवट वेड काही कामाचं नाही."

पट्ट्याचा प्रवेश पुरा झाला त्या दुपारी ती माझ्या आरामखुर्चीतच झोपली. माझ्या हातून ताट पडलं, तरी हलली नाही.

तर आज पहिलं वाचन. मंडळी बसली, आणि दारातून तिचा भाऊ आला, म्हाताऱ्या बापाचा हात धरून.

"ताई, बाबांना घरी एकटं कसं ठेवणार?"

तिनं कागद छातीशी धरले. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आज राहू द्या. यांच्यासमोर नको."

"नाटक तुझं आहे," मी म्हटलं. "नको असेल तर सगळ्यांना चहा पाजून घरी धाडते. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

ती दारापर्यंत गेली. परत आली. स्टुलावर बसली, उठली, बसली. आणि वाचू लागली. कुजबुजतच! समोरच्या खुर्चीलाही ऐकू येईना.

"अगं, आम्ही अजून वाक्यं विसरलेलो नाही!" आमचा विनोदी नट ओरडला. हॉल हसला. ती थांबली, मानेपर्यंत लाल झाली.

तेवढ्यात बापानं कानामागे हात धरला. "मोठ्यानं वाच की. काही ऐकू येत नाही."

भाऊ पायांकडे बघत राहिला. कुजबुज उठली. वाटलं, गेली ही. पण तिनं फक्त स्टूल पायानं बाजूला सारलं आणि उभ्यानं, पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्या आवाजाखाली करवत बुडाली हो! चिंधी, पोतं, पट्टा, पाठ, काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. झाकण घरभर फिरलं तेव्हा भावानं डोळे मिटून घेतले. बापाचा हात कानामागून खाली आला नाही.

संपलं. टाळी वाजवायचं कुणाला सुचेना. म्हाताऱ्यानं आता कुठे कानामागचा हात खाली घेतला.

"घरात कधी ऐकला नाही गं. एवढा मोठा आवाज होता तुला?"

"होता, बाबा. तुम्ही झोपलेले असायचात."